मुलांची दुर्बीण शिकायची तर जोडीनं शिका

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात नव्यानं प्रॅक्टिसला बसलेले कान-नाक-घसा तज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि बालशल्यचिकित्सक एक प्रश्न हमखास विचारतात : लहान मुलांची ब्रॉन्कोस्कोपी शिकायची आहे, कोर्स कुठला करू आणि स्कोप कुठला घेऊ? स्कोपचं उत्तर सोपं आहे. एवढ्यात घेऊ नका. कोर्सचं विचारलं, की मी उलट विचारतो : तुमचा भूलतज्ज्ञ कोण, आणि तो शिकायला बरोबर येणार आहे का? बहुतेकांच्या हे डोक्यातच आलेलं नसतं. दुर्बीण ही आपल्या हाताची करामत, भूल द्यायला कुणीतरी मिळेलच, असा हिशेब असतो. मुलांच्या बाबतीत घोळ होतो तो इथेच. श्वासाची वाट एकच, तान्ह्या बाळात तीही जेमतेम चार-पाच मिलिमीटरची, आणि एकाच वेळी तुम्हालाही ती हवी आणि भूलतज्ज्ञालाही. म्हणून हे लिहितोय ते दोघांसाठी. ट्रॉली लावणाऱ्या सिस्टरनं वाचलं तर फारच उत्तम.

शिकण्याची सुरुवात ओटीत होत नाही, ओपीडीत होते. एक ते तीन वर्षांचं मूल, दाढा अजून पुरत्या आलेल्या नाहीत, तोंडात दाणे घेऊन घरभर पळतंय. हसता-रडताना दाणा श्वासनलिकेत जातो, जोराचा ठसका लागतो, चेहरा लाल होतो आणि थोड्या वेळानं सगळं शांत होतं. हे शांत होणंच फसवं असतं. दाणा आत एका जागी बसलेला असतो. मग खोकला येतो, ताप येतो, न्यूमोनिया किंवा बाळदमा म्हणून अँटिबायोटिक आणि नेब्युलायझर सुरू होतात, मूल बरं होतं आणि पुन्हा आजारी पडतं. शेंगदाण्याच्या तेलानं आतलं अस्तर सुजतं, त्यामुळे उशीर होईल तितकं काढणं अवघड.

एकाच बाजूला हवा कमी, एकाच बाजूला शिट्टीसारखा आवाज, किंवा औषध थांबवलं की त्याच जागी परत येणारा न्यूमोनिया दिसला, की ठसक्याबद्दल विचारायचं. विचारायचं कुणाला, हेही महत्त्वाचं. डोंबिवलीत आई-वडील दोघंही सकाळी आठच्या आत लोकलमध्ये असतात. ठसका पाहिलेला असतो आजीनं नाहीतर पाळणाघरातल्या मावशींनी, आणि आपल्यावर ठपका येईल म्हणून त्या बोललेल्या नसतात. त्यांना ओपीडीत बोलवा, नाहीतर तिथल्या तिथे फोन लावा, आणि दोष न देता विचारा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. शेंगदाणा, हरभरा, सीताफळाची बी, चिंचोका यांतलं बहुतेक काही प्लेटवर दिसत नाही. दिसलीच तर एका बाजूच्या फुफ्फुसात अडकून राहिलेली हवा दिसते, आणि ती श्वास सोडतानाच्या प्लेटमध्ये जास्त स्पष्ट होते. खात्री होत नसेल आणि मूल स्थिर असेल तर सीटी मदतीला येतो. पण ठसक्याची साक्ष पक्की असेल तर प्लेट काहीही म्हणो, दुर्बीण टाकून बघणंच योग्य.

आता दुर्बिणीबद्दल. अडकलेली वस्तू काढायची तर मुलांमध्ये आजही पहिली पसंती रिजिड ब्रॉन्कोस्कोपलाच, कारण त्या पोकळ नळीतून श्वास देता येतो, टेलिस्कोप जातो आणि चिमटाही जातो. हे तंत्र सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. जर्मनीत गुस्ताव किलियननं १८९७ मध्ये एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गातून हाडाचा तुकडा काढला, तिथून त्याची सुरुवात धरतात. फिलाडेल्फियाच्या शेव्हेलिअर जॅक्सननं ते शास्त्रशुद्ध केलं. त्यानं लोकांच्या घशांतून आणि श्वासनलिकांतून काढलेल्या २,३७४ वस्तू तिथल्या म्यूटर संग्रहालयात खणांत मांडून ठेवल्या आहेत. नाणी, बटणं, उघड्या सेफ्टी पिना, काय वाटेल ते. आपल्याकडे तसा संग्रह केला तर निम्मे खण शेंगदाण्यांचेच भरतील. उरलेल्यांत पेनाची टोपणं, मणी, स्वस्त खेळण्यांतल्या शिट्ट्या. परळच्या वाडिया रुग्णालयात मागे कोकणातल्या वर्षाच्याही आतल्या एका मुलीच्या श्वासनलिकेतून खेळण्यातला एलईडी दिवा काढला होता, त्याची बातमी वाचलेली अनेकांना आठवत असेल.

रिजिड सेट हातात घेतला की पहिला गोंधळ आकड्यांचा होतो. नळीवर ३.५ लिहिलंय म्हणजे ती साडेतीन मिलिमीटरची, असं नवख्याला वाटतं. प्रचलित सेटमधली ३.५ नंबरची नळी बाहेरून साधारण ५.७ मिलिमीटर भरते. भूलतज्ज्ञाच्या डोक्यात एंडोट्रॅकियल ट्यूबचे नंबर असतात, तुमच्या डोक्यात स्कोपचे, आणि दोघं एकच आकडा बोलून वेगवेगळ्या मापांचा विचार करत असतात. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला बहुधा ३.५ लागते. पण टेबलावर तिच्याहून एक नंबर लहान नळी उघडून ठेवलेली हवीच. वयाचा, नळीचा आणि बाहेरच्या व्यासाचा तक्ता ओटीच्या भिंतीवर चिकटवा. सूज एका मिलिमीटरची आली तरी मोठ्या माणसाला घसा बसल्यासारखं वाटेल, पण चार मिलिमीटरच्या श्वासनलिकेचं तीन चतुर्थांश क्षेत्र त्यात गेलेलं असतं. बळ लावून मोठी नळी घुसवणाऱ्याला हे गणित रात्री वॉर्डात कळतं.

सगळ्यात जास्त सराव कशाचा करायचा? दाणा पकडण्याचा, असं कुणीही म्हणेल. मी म्हणेन, दाणा सुटण्याचा. का, ते सांगतो.

दाणा दिसला, चिमट्यात आला. तो अख्खा असेल तर नळीच्या आत मावत नाही. त्यामुळे चिमटा, टेलिस्कोप आणि नळी, सगळं एकत्रच बाहेर ओढावं लागतं आणि दाणा नळीच्या टोकाशी उघडा लटकत येतो. वाटेत सगळ्यात अरुंद जागा म्हणजे स्वरयंत्र आणि त्याच्या लगेच खालचा भाग. तिथे दाणा घासतो आणि चिमट्यातून निसटतो. आतापर्यंत तो एका ब्रॉन्कसमध्ये होता, दुसरं फुफ्फुस चालू होतं. आता तो मुख्य वाटेत आडवा आहे आणि दोन्ही फुफ्फुसं बंद. मॉनिटरचा सूर उतरायला लागतो, तुमच्या हातात मोकळा चिमटा, आणि मनात एकच विचार, पुन्हा पकडू. एकदा प्रयत्न करायला हरकत नाही. पटकन हाती लागला नाही तर तो खाली ढकला, ज्या बाजूनं आला त्याच बाजूच्या ब्रॉन्कसमध्ये परत. त्याच बाजूला, कारण ते फुफ्फुस आधीच सुजलेलं, कमी काम करणारं असतं, चांगलं फुफ्फुस मोकळं राहायला हवं. श्वास सुरू करा, सॅच्युरेशन वर येऊ द्या, सगळ्यांना दोन मिनिटं द्या आणि मग नव्यानं सुरुवात करा. कष्टानं वर आणलेला दाणा आपल्याच हातानं पुन्हा आत लोटणं मनाला पटत नाही, म्हणून ते आधी तालमीत पटवून घ्यायचं असतं.

या प्रसंगात बोलायचे शब्दही ठरलेले हवेत. "दाणा चिमट्यात आहे, बाहेर येतोय", "स्वरयंत्रापाशी आहे", "सुटला", "उजवीकडे ढकलला, श्वास द्या". यातलं काहीच मनातल्या मनात म्हणायचं नाही. भूलतज्ज्ञाच्या बाजूनं तसंच : "ब्याण्णव", "पंच्याऐंशी, वर या". 'वर या' म्हटलं की नळी श्वासनलिकेत मागे घ्यायची, मग समोर दाणा कितीही स्पष्ट दिसत असो. 'एक सेकंद, मिळालाच' हे उत्तर चालणार नाही, हे भूल द्यायच्या आधी चहा पिताना ठरवून टाका. अनोळखी भूलतज्ज्ञाबरोबर, तोही आयत्या वेळी फोन करून बोलावलेला असताना, हे संभाषण जमत नाही. जोडीनं शिका म्हणतो ते यासाठी.

भूलतज्ज्ञानं शिकायचं तेही काही थोडं नाही. मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवायचा की आपण द्यायचा, यावर अजूनही दोन मतं आहेत आणि दोन्ही रीतींनी कामं नीट होतात. माझं मत, दोघांना जी रीत सवयीची असेल ती धरा, अर्ध्यात बदलू नका. सेव्होफ्लुरेन असो की प्रोपोफॉल, खोली अशी हवी की नळी स्वरयंत्रातून जाताना मूल आवळणार नाही. त्यासाठी स्वरयंत्रावर वजनानुसार मोजून लिग्नोकेन फवारायचं. मोजून, कारण दहा किलोच्या मुलात स्प्रेचे दोन-चार दाब जास्त झाले तरी डोस मर्यादेबाहेर जातो. रिजिडच्या बाजूच्या फाट्याला सर्किट जोडलं, की मागच्या टोकाची खिडकी किंवा टेलिस्कोपचं सील बंद आहे ना, हे बघणं सर्जनचं काम. ती उघडी राहिली तर हवा तोंडावर येते आणि भूलतज्ज्ञ उगाच फुफ्फुसाला दोष देत बसतो. डेक्सामेथासोन आधीच दिलेलं बरं. संपल्यावर घरघर ऐकू आली तर ॲड्रेनॅलिनचं नेब्युलायझेशन तयार असावं.

सिस्टरच्या ट्रॉलीबद्दल मी जरा कडक आहे. मूल टेबलावर येण्याआधी सर्जननं स्वतः प्रत्येक नळीत तिचा टेलिस्कोप घालून बघायचा. लांबीची गफलत इथेच पकडता येते. टेलिस्कोपचं टोक नळीच्या बाहेर आलं तर अस्तर ओरबाडतं. चिमटा नळीतून पार करून उघडझाप करायची. शेंगदाण्यासाठी दातेरी पकडीचा वेगळा, गुळगुळीत मण्यासाठी वेगळा. आरपार भोक असलेल्या मण्याला फोगार्टी कॅथेटर पलीकडे नेऊन, फुगा फुगवून ओढता येतं, तेव्हा तेही असू द्या. सक्शन कॅथेटर त्या नळीतून जातं का? दिव्याची केबल कुठल्या स्रोताला बसते? काच धुकट होऊ नये म्हणून कोमट पाणी ठेवलंय का? चिमट्याच्या जबड्यात मागच्या केसचा वाळलेला कण तर नाही ना? हे सगळं दहा मिनिटांत होतं.

सरावासाठी महागडा सिम्युलेटर मिळाला तर घ्याच, पण त्याच्यावाचून अडू नका. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं, की तो बकऱ्याची श्वासनलिका फुफ्फुसांसकट देतो. लहान बकऱ्याची मागा, मोठ्याची फार रुंद असते. ती पाटावर पसरा, वरच्या टोकाला जाड रबरी कडं शिवून अरुंद स्वरयंत्र करा, आत दाणा टाका आणि जुन्या, बाद झालेल्या सेटनं काढायला बसा. पेशंटसाठी वापरायचा सेट यात आणायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. कोरडा खारा दाणा, रात्रभर भिजवलेला दाणा आणि सीताफळाची बी, तिन्ही करून बघा. भिजलेला दाणा चिमटा घट्ट दाबला की फुटतो आणि एकाचे चार तुकडे खोल शाखांत जातात. सीताफळाची बी दाबली की पुढे उडी मारते. किती दाबायचं, हे पुस्तकातून कळत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा : बकऱ्यात उजव्या वरच्या खंडाची शाखा मुख्य नळीतूनच, दोन फाटे फुटायच्या आधी निघते. माणसात असं क्वचितच दिसतं, तेव्हा या सरावावरून नकाशा पाठ करू नका. नकाशासाठी माणसाच्याच दुर्बिणीच्या चित्रफिती बघा, आणि डाव्या ब्रॉन्कसमध्ये जाताना डोकं उजवीकडे वळवायचं, हे हातात बसेपर्यंत मॅनिकिनवर करा.

या तालमीलाही भूलतज्ज्ञ हवाच. त्यानं मोबाइलवर सॅच्युरेशनचे खोटे आकडे वाचायचे, मध्येच ऐंशी म्हणायचं, आणि तुम्ही काय करता ते पाहायचं.

आता शिकायला जायचं कुठे? आपल्या पट्ट्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, ठाणे महापालिकेचं, राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं. पुढे शीव, केईएम, नायर, जेजे, आणि मुलांसाठी म्हणून परळचं वाडिया. बालश्वसनरोगात पूर्ण वेळ काम करायचं असेल तर दिल्लीचं एम्स किंवा चंदीगडचं पीजीआय इथे डीएम करण्याचा मोठा रस्ता आहे. पण प्रॅक्टिस सांभाळून शिकणाऱ्याची खरी अडचण वेळेची असते. फ्लेक्सिबल ब्रॉन्कोस्कोपीच्या याद्या ठरलेल्या दिवशी असतात, त्या बघता येतात. रिजिडच्या केसेस रात्री-अपरात्री येतात. डोंबिवलीत राहून परळची इमर्जन्सी गाठायची तर शेवटची लोकल गेलेली असते. म्हणून जवळच्या एका ठिकाणी रीतसर परवानगी घ्या, तिथल्या ऑन-कॉल रेसिडेंटला नंबर देऊन ठेवा, आणि भूलतज्ज्ञासकट जा. पहिले काही महिने फक्त बघा आणि ट्रॉली लावा. मग स्वरयंत्रापर्यंत नळी नेणं, मग श्वासनलिका पाहणं, चिमटा सगळ्यात शेवटी. प्रत्येक केस वहीत उतरवा : वय, नळी, किती वेळ लागला, सॅच्युरेशन कुठपर्यंत उतरलं, सोबत कोण होतं.

आकड्यांचा मोह सगळ्यांनाच असतो. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सनं २००३ मध्ये रिजिडसाठी देखरेखीखाली २० केसेस आणि पुढे वर्षाला १०, फ्लेक्सिबलसाठी १०० आणि पुढे वर्षाला २५, असं सुचवलं होतं. ते मोठ्यांच्या डॉक्टरांना धरून होतं. वीस झाल्या म्हणजे हात बसला असं कुणी समजू नये. पण दुसरा आकडा, दरवर्षी दहा, आपल्यासाठी जास्त बोलका आहे. कल्याण-डोंबिवलीत चार नर्सिंग होमनी चार सेट घेतले तर केसेस चार ठिकाणी वाटल्या जातील आणि कुणाचाच हात चालता राहणार नाही. सेट कपाटात, आणि आठ महिन्यांनी केस आली की केबल सापडत नाही. त्यापेक्षा आयएमएच्या कल्याण, डोंबिवली आणि ठाणे शाखांनी मिळून एक जागा ठरवावी, जिथे मुलांचं आयसीयू आहे. दोन-तीन जोड्या तयार कराव्यात आणि सगळ्यांनी केसेस तिथेच न्याव्यात. स्पर्धेचा प्रश्न येईल, बिलाचाही येईल. तो बसून सोडवण्यासारखा आहे.

फ्लेक्सिबलबद्दल थोडक्यात, कारण तो बालरोग आणि चेस्टवाल्यांचा स्वतंत्र अभ्यास आहे. शिगेतो इकेदांनी जपानमध्ये १९६० च्या दशकात ती घडवली, आणि तान्ह्या मुलांत तिचा वापर रॉबर्ट वुड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुळवला. न थांबणारी घरघर, बरा न होणारा न्यूमोनिया, क्षयाची गाठ बाहेरून ब्रॉन्कस दाबतेय का हे पाहणं, फुफ्फुस धुऊन ते पाणी सीबीनॅटला पाठवणं, ही तिची कामं. आपल्या भागात औषधांना दाद न देणारा क्षय आहे, त्यामुळे शेवटचं काम कमी लेखू नका. २.८ मिलिमीटरच्या स्कोपची सक्शनची वाट फक्त १.२ मिलिमीटरची असते. घट्ट चिकट स्राव तिच्यातून ओढताना धीर लागतो, आणि तेवढा वेळ वाट अडलेली असते. धुण्यासाठी सलाईन किलोमागे एक मिलिलिटर, तीन वेळा, इतकं पुरतं. स्कोपची गळती-चाचणी आणि निर्जंतुकीकरण हाताखालच्या माणसावर सोडून देऊ नका. एका मुलाचा क्षय दुसऱ्याच्या अहवालात उतरलेला कुणाला नको असतो.

हे सगळं जमेपर्यंत, आणि जमल्यावरही, बहुतेक मुलं तुम्हाला पुढे पाठवावी लागतील. रुक्मिणीबाई किंवा शास्त्रीनगरच्या कॅज्युअल्टीत असा, नाहीतर स्वतःच्या दवाखान्यात, पाठवणं हेही कौशल्य आहे. मूल रडत असेल, बोलत असेल, खोकत असेल तर वाट अर्धी उघडी आहे. त्याला आईच्या मांडीवर बसू द्या, ऑक्सिजन द्या, उताणं झोपवू नका, घशात बोट घालू नका, पाठ थोपटून दाणा हलवायला जाऊ नका. आवाज पूर्ण बंद झाला तर गोष्ट वेगळी. वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब, मोठ्याला पाठीवर पाच थापा आणि पोटावर पाच दाब. तरीही श्वास जात नाही आणि तुम्ही ट्यूब टाकलीत, तर ती खोलवर ढकलून दाणा एका ब्रॉन्कसमध्ये घाला आणि ट्यूब मागे घेऊन दुसरं फुफ्फुस चालवा. वर सांगितलं त्याचंच हे दुसरं रूप.

१०८ ला फोन करण्याबरोबरच जिथे पाठवताय तिथल्या डॉक्टरशी बोला. शिळफाट्याला ट्रॅफिक असेल तर कुठला रस्ता घ्यायचा, हेही ड्रायव्हरशी ठरवा. बरोबर एक डॉक्टर, बॅग-मास्क आणि चालू सक्शन असू द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून काय बसतं ते काउंटरवर आधीच विचारून ठेवलं असेल तर पालकांची धावपळ वाचते. चिठ्ठीवर ठसका नेमका कधी लागला, काय खाताना लागला, शेवटचं खाणं-पिणं किती वाजता झालं आणि कुठल्या बाजूची हवा कमी आहे, एवढं स्पष्ट अक्षरात लिहा, म्हणजे गाडी ऐरोलीपाशी असतानाच पलीकडची सिस्टर नळ्या काढून ठेवेल.